निशाणाचें जहाज आणि राज्याचें विद्यापीठ

आरमारांतील ज्या जहाजावर नौसेनापति स्वतः असतो, त्या जहाजाच्या डोलकाठीवर त्याचें निशाण चढवितात. बाकीचीं जहाजें त्या निशाणाकडे पाहून आपली दिशा ठरवितात. हें जहाज ताफ्यांतील सर्वांत जुनें असेलच असें नाहीं. तें सर्वांत मोठें असलें पाहिजे असाहि नियम नाहीं. संकेत तेथून निघतात, हेंच त्याचें वैशिष्ट्य होय.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा आरमारी शब्द विद्यापीठांनाहि लावण्याची चाल आहे. तेथील बहुतेक घटकराज्यांत सरकारी आश्रयावर चालणारीं अनेक विद्यापीठें असतात. पण त्यांपैकीं एखाद्यासच लोक राज्याचें ‘निशाणाचें विद्यापीठ’ म्हणतात. ही पदवी कोणत्याहि मध्यवर्ती कायद्यानें दिलेली नाहीं. मग ती मिळते कशी, आणि मिळाल्यावर टिकते कशामुळें? या प्रश्नाचें उत्तर आज आपणांस एका राज्याच्या इतिहासांत शोधावयाचें आहे.

सहज सुचणारीं उत्तरें प्रथम बाजूस सारूं. विद्यापीठाचें वय हें तें लक्षण म्हणावें, तर जॉर्जिया राज्यानें आपल्या विद्यापीठास १७८५ सालींच सनद दिली, आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठानें १७९५ मध्यें विद्यार्थी घेण्यास प्रारंभ केला. कॅलिफोर्नियाचें विद्यापीठ मात्र १८६८ सालचें. परंतु त्याच्या नांवाचा दबदबा या वडीलधाऱ्यांहून तिळमात्र कमी नाहीं. विद्यार्थ्यांची संख्या पाहावी, तर अॅरिझोना राज्यांत मुख्य विद्यापीठापेक्षां त्याच्या भावंडाचा पट मोठा आहे. इमारती, क्रीडांगणें, चेंडूच्या सामन्यांस लोटणारी गर्दी, या गोष्टी वैभवाच्या खऱ्या. परंतु वैभव हा बहुधा परिणाम असतो, कारण नव्हे.

आपण ज्या राज्याकडे वळणार आहों तें म्हणजे विस्कॉन्सिन. अमेरिकेच्या उत्तर भागांत, दोन महासरोवरांच्या कांठीं तें वसलेलें आहे. १८४८ च्या मे महिन्यांत तें संघराज्यांत सामील झालें, आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें त्याच्या विद्यापीठाची सनद निघाली. राजधानीच्या गांवीं किंवा त्याच्या जवळपास राज्याचें एक विद्यापीठ असावें, असें कलमच राज्यघटनेंत घातलेलें होतें. जंगल तोडून शेतें काढणाऱ्या लोकांची ही आकांक्षा धाडसाचीच म्हटली पाहिजे. १८४९ च्या फेब्रुवारींत मॅडिसन या राजधानींत, मुलींच्या एका शाळेच्या इमारतींत जॉन स्टर्लिंग या एकट्या प्राध्यापकानें पहिला वर्ग भरविला. त्यांत १७ विद्यार्थी होते, आणि तेहि पूर्वतयारीच्या वर्गाचे. १८५४ सालीं पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांची संख्या दोन!

या बालविद्यापीठाचें भांडवल म्हणजे जमीन. मध्यवर्ती सरकारनें विद्यापीठाकरितां राज्याला जमीन तोडून दिली होती. ती राखून भाव चढेपर्यंत थांबावें, कीं स्वस्तांत विकून नवे वसाहतवाले बोलवावे, असे दोन मार्ग कायदेमंडळापुढें होते. त्यानें दुसरा पत्करला. पुढें २ जुलै १८६२ रोजीं, यादवी युद्ध चालू असतांनाच, मॉरिल यांच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा संमत झाला. शेतकी व यंत्रविद्या शिकविणाऱ्या, पण इतर विद्यांसहि न वगळणाऱ्या शिक्षणसंस्थांसाठीं प्रत्येक राज्यास त्याच्या दर सेनेटर व प्रतिनिधीमागें ३० हजार एकर जमीन या कायद्यानें दिली. विस्कॉन्सिनच्या वांट्यास २ लक्ष ४० हजार एकर आली. तीहि एकरी सव्वा डॉलरच्या आसपास विकली गेली.

याच्या उलट गंमत पाहा. न्यूयॉर्क राज्याच्या हद्दींत अशी सरकारी जमीन नसल्यामुळें त्यास जमिनीऐवजीं हक्कपत्रें मिळालीं. एझ्रा कॉर्नेल या गृहस्थानें त्यांच्या आधारें विस्कॉन्सिनमधील पाइन वृक्षांचीं सुमारें ५ लक्ष एकर अरण्यें निवडून घेतलीं आणि घाई न करतां राखून ठेवलीं. त्या लांकडाच्या व जमिनीच्या उत्पन्नांतून न्यूयॉर्कमधील कॉर्नेल विद्यापीठास सुमारें ५० लक्ष डॉलर मिळाले. म्हणजे विस्कॉन्सिनच्या अरण्यावर शेजघरचें विद्यापीठ पोसलें, आणि विस्कॉन्सिनचें स्वतःचें विद्यापीठ कायदेमंडळाच्या दारीं उभें राहिलें. या जमिनीचा हिशेब येथेंहि पुरा होत नाहीं. मॅडिसनभोंवतालची भूमि हो-चंक या मूळ रहिवाशांची. १८३२ च्या तहानें ती त्यांच्याकडून काढून घेण्यांत आली आणि पुढें त्यांना वारंवार हुसकावण्यांत आलें. विद्यापीठाच्या टेकडीवर या गोष्टीची जाहीर नोंद करणारा फलक लागावयास २०१९ साल उजाडावें लागलें. ‘लोकांचें विद्यापीठ’ असें म्हणतांना लोकांत कोणाची गणना झाली आणि कोणाची झाली नाहीं, हें इतिहासाच्या अभ्यासकानें विसरूं नये.

थोडक्यांत, पैशाच्या बाजूनें पाहतां या विद्यापीठास पुढारपण मिळावें असें कांहींच नव्हतें. परंतु त्याची ही गरिबीच एका अर्थीं उपकारक ठरली. ज्यास मोठी ठेव नाहीं त्यास राज्यांतील करदात्यास पटवून दिल्यावांचून गत्यंतर नसतें. आणि करदाता म्हणजे त्या काळीं मुख्यतः शेतकरी.

हा शेतकरी विद्यापीठावर मुळींच खूष नव्हता. विस्कॉन्सिन हें एके काळीं गव्हाचें कोठार होतें. पण तेंच तेंच पीक काढून जमिनी थकल्या, किडीनें उच्छाद मांडला, आणि लोकांना गव्हाकडून दुभत्याकडे वळावें लागलें. अशा अडचणीच्या काळांत आमच्या पैशावर चालणारें विद्यापीठ आमच्या मुलांना लॅटिन शिकवितें, गाय कशी पोसावी हें कां शिकवीत नाहीं, असा शेतकऱ्यांचा सवाल होता. मिशिगन, इंडियाना, आयोवा या राज्यांत शेतकीचें विद्यालय मुख्य विद्यापीठाहून अलग निघालें होतें. विस्कॉन्सिनमध्येंहि तशी मागणी जोरांत होती. तिला उत्तर म्हणून १८८५ सालीं विद्यापीठानें शेतकऱ्यांच्या मुलांकरितां एक छोटा अभ्यासक्रम काढला. हिवाळ्यांत शेतावरचें काम थंडावलें असतां येऊन शिकावें आणि हंगामास घरीं परतावें, अशी त्याची रचना होती. या सोयीमुळें शेतकी आणि वाङ्मय, गोठा आणि ग्रंथालय हीं एकाच छपराखालीं राहिलीं. पुढील सर्व इतिहासाचें बीज या निर्णयांत आहे.

त्याचें पहिलें फळ लौकरच हातीं आलें. लोणी व चीज काढणाऱ्या कारखान्यांत त्या वेळीं दूध नुसतें वजनावर विकत घेत. त्यामुळें दुधांत पाणी घालणारा किंवा साय काढून घेणारा लबाड आणि निर्भेळ दूध देणारा प्रामाणिक, या दोघांस एकच भाव मिळे. विद्यापीठांतील रसायनशास्त्रज्ञ स्टीफन बॅबकॉक यांनीं १८९० सालीं यावर साधा उपाय प्रसिद्ध केला. लांब मानेच्या एका बाटलींत मोजून दूध घ्यावयाचें, त्यांत गंधकाम्ल ओतावयाचें, आणि बाटली यंत्रांत गरगर फिरवावयाची. मग ऊन पाणी घातलें कीं सर्व स्निग्धांश मानेंत चढतो आणि तेथील खुणांवरून किती तें वाचतां येतें. कोणाहि शहाण्या मुलास करतां येईल अशी ही कसोटी. बॅबकॉक यांनीं तिचा एकाधिकार घेतला नाहीं. ती सर्वांस मोकळी ठेविली. त्याच वर्षीं विद्यापीठानें दुग्धव्यवसायाची शाळा उघडली. दुधाच्या व्यवहारांत सचोटी आली, आणि शेतकऱ्यास प्रथमच असें वाटूं लागलें कीं टेकडीवरचे हे लोक आपले आहेत.

श्रोतेहो, येथें थांबून कोणी म्हणेल, उत्तर सांपडलें. राज्याच्या उपयोगीं पडणें हेंच पुढारपणाचें लक्षण. परंतु हें अर्धेंच उत्तर आहे. नुसती उपयुक्तता हाच निकष असता तर विद्यापीठ म्हणजे सरकारचें एक खातें ठरलें असतें. उरलेलें अर्धें उत्तर चार वर्षांनीं मिळालें.

रिचर्ड ईली हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक १८९२ सालीं मॅडिसनला आले. मजुरांच्या चळवळीवर त्यांनीं लिहिलें होतें. १८९४ च्या उन्हाळ्यांत, अमेरिकेंत संपांचा वणवा पेटलेला असतां, राज्याचे शिक्षणाधिकारी ऑलिव्हर वेल्स यांनीं एका नामांकित साप्ताहिकांत पत्र लिहून असा आरोप केला कीं, हे प्राध्यापक संपांस व बहिष्कारास चिथावणी देतात आणि समाजसत्तावाद पसरवितात. वेल्स हे पदसिद्ध अधिकारानें विद्यापीठाच्या नियामक मंडळाचेहि सभासद होते. मंडळानें चौकशी नेमली. आरोप सिद्ध झाले नाहींत. परंतु मंडळ ईली यांस दोषमुक्त करून थांबलें नाहीं. सप्टेंबरमधील आपल्या ठरावांत त्यानें असें तत्त्व नमूद केलें कीं, इतरत्र शोधाला कितीहि बंधनें असोत, या विद्यापीठानें मात्र निर्भयपणें व अखंड चाळण्या-पाखडण्याचें काम चालूं ठेवावें, कारण सत्य हातीं येण्याचा मार्ग तोच होय. उपमा पाहा! ती खळ्यावरची आहे. ज्या शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींनीं राज्य चालविलें, त्यांस समजेल अशा भाषेंत विचारस्वातंत्र्याची सनद लिहिली गेली.

सनद लिहिली, तथापि ती पाळणें सोपें नव्हतें. १९१० सालच्या पदवीधरांनीं हें वाक्य धातूच्या पत्र्यावर कोरून विद्यापीठास भेट दिलें, तेव्हां त्याच नियामक मंडळास तें भिंतीवर लावण्याचें धैर्य होईना. तो पत्रा पांच वर्षें पडून राहिला आणि १९१५ सालीं मुख्य इमारतीच्या दर्शनी भिंतीवर चढला.

या दोन अर्ध्यांची जोड घालणारे पुरुष म्हणजे चार्लस व्हॅन हाइस. विस्कॉन्सिनमध्येंच जन्मलेले हे भूगर्भशास्त्रज्ञ. या विद्यापीठाची डॉक्टरची पहिली पदवी १८९२ सालीं त्यांनींच मिळविली. १९०३ सालीं ते विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. त्यांचे सहाध्यायी रॉबर्ट ला फॉलेट हे त्या वेळीं राज्याचे गव्हर्नर होते. दोघेहि १८७९ सालचे पदवीधर. मॅडिसन शहरांत कायदेमंडळाचा घुमट आणि विद्यापीठाची टेकडी यांच्यामध्यें एका मैलाचा सरळ रस्ता आहे. या दोन मित्रांच्या काळांत त्या रस्त्यावरची ये-जा फार वाढली. विद्यापीठाचा लाभ राज्यांतील प्रत्येक कुटुंबापर्यंत पोंचल्याखेरीज आपण समाधान मानणार नाहीं, अशी व्हॅन हाइस यांची भूमिका होती. गांवोगांवीं वर्ग, टपालानें शिक्षण, फिरतीं व्याख्यानें यांची व्यवस्था त्यांनीं केली. चार्लस मॅकार्थी यांनीं १९०१ पासून कायदेमंडळाच्या सभासदांकरितां संदर्भग्रंथालय चालविलें. एखादा शेतकरी-प्रतिनिधि विधेयक मांडूं इच्छी, तर इतर देशांतील अनुभव त्याच्यापुढें ठेवण्याचें काम तेथें होई. १९११ सालीं राज्यांत कामगारांस अपघाताची भरपाई देणारा कायदा आणि प्राप्तीवरील कर हे दोन्ही आले. १९३२ मध्यें अमेरिकेंतील पहिला बेकारी-विम्याचा कायदा येथेंच झाला. आणि १९३५ च्या अखिल अमेरिकन सामाजिक सुरक्षिततेच्या कायद्याची आंखणी करणारे एडविन विट्टे हे येथील प्राध्यापक जॉन कॉमन्स यांचे शिष्य होते. या सगळ्या प्रघातास मॅकार्थी यांच्या १९१२ च्या ग्रंथामुळें ‘विस्कॉन्सिनची कल्पना’ असें नांव पडलें.

नभोवाणीच्या श्रोत्यांस आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. याच विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक अर्ल टेरी आणि त्यांचे विद्यार्थी यांनीं पहिल्या महायुद्धाच्या काळांत बिनतारी प्रक्षेपणाचे प्रयोग केले. प्रथम तारायंत्राच्या सांकेतिक भाषेंत, आणि नंतर मानवी आवाजांत, हवामानाचे अंदाज व बाजारभाव तेथून शेतकऱ्यांकडे जाऊं लागले. १९३१ पासून खेड्यांतील एकशिक्षकी शाळांसाठीं धडे ध्वनिक्षेपित होऊं लागले. विद्यापीठाच्या भिंतींना आकाशांतून दार पडलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पण या सर्वांहून बोलका प्रसंग १९३३ च्या फेब्रुवारींतला आहे. राज्याच्या दुसऱ्या भागांतील एका शेतकऱ्याचीं जनावरें रक्तस्राव होऊन मरत होतीं. हिमवादळांतून सुमारें १९० मैल गाडी हांकीत तो मॅडिसनला आला. बरोबर एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्यें न गोठणारें रक्त, आणि तीं जनावरें खात असलेलें बुरसटलेलें गोड क्लोव्हर गवत. शनिवार असल्यामुळें सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद होती. जीवरसायनाच्या इमारतीचें दार मात्र उघडें सांपडलें. आंत प्राध्यापक कार्ल पॉल लिंक होते. त्या दिवशीं तें गवत बंद करा यापलीकडे ते फारसें कांहीं सांगूं शकले नाहींत. परंतु प्रयोगशाळा त्या रक्ताच्या मागें लागली. १९३९ सालीं गवतांतील दोषी द्रव्य शुद्ध स्वरूपांत हातीं आलें. त्याच शोधांतून १९४८ सालीं उंदरांचें विष म्हणून आणि पुढें १९५४ पासून मनुष्याच्या रक्तांत गुठळी होऊं नये म्हणून दिलें जाणारें ‘वॉर्फरिन’ हें औषध निघालें. जगांतील असंख्य हृदयरोग्यांनीं पुढें तें घेतलें.

या प्रसंगांत शास्त्रज्ञाची बुद्धि मोठी खरी. तथापि माझें लक्ष त्या शेतकऱ्याकडे जातें. इतक्या वादळांत एवढा प्रवास करून विद्यापीठाचें दार ठोठावण्याचा आपला हक्क आहे, असें त्यास वाटलें, हें अर्ध्या शतकाच्या सेवेचें फळ होय. आणि सहा वर्षें तत्काळ फायदा दिसत नसतांहि प्रयोगशाळेस त्या प्रश्नामागें लागतां आलें, हें स्वातंत्र्याचें फळ होय. पहिल्यावांचून तें रक्त प्रयोगशाळेंत आलेंच नसतें. दुसऱ्यावांचून त्या रक्ताचें कांहीं झालें नसतें.

म्हणून राज्याचें निशाण ज्या विद्यापीठावर शोभतें, त्याचीं लक्षणें दोन: त्याचें दार साऱ्या राज्यास मोकळें असतें, आणि त्याची बुद्धि राज्यकर्त्यांची बांधलेली नसते. हीं दोन लक्षणें एकमेकांस ओढतात. ज्याचें अन्न खावें त्यासच अप्रिय सत्य ऐकवावें, ही गोष्ट कोणत्याहि घरांत अवघड. मग राज्यांत ती किती अवघड असेल?

विस्कॉन्सिनलाहि ती सदैव साधली नाहीं. १९१८ च्या जानेवारींत, युद्धज्वर चढलेला असतां, युद्धास विरोध करणाऱ्या ला फॉलेट यांचा निषेध करणाऱ्या पत्रकावर ४०० हून अधिक अध्यापकांनीं सह्या केल्या. त्यांत त्यांचे जुने मित्र व्हॅन हाइसहि होते. त्या वेळीं सरकारनें विद्यापीठाचें तोंड बंद केलें नव्हतें. विद्यापीठच लोकक्षोभापुढें वांकलें. बाहेरचा हल्ला शंभर वर्षांनीं आला. २०१५ सालीं गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्या अंदाजपत्रकाच्या मसुद्यांत विद्यापीठाच्या कायदेशीर ध्येयांतून सत्यशोधनाचे व राज्यसेवेचे शब्द गाळून, त्या जागीं राज्यास लागणारें मनुष्यबळ पुरविण्याचा हेतु घालण्यांत आला होता. हे शब्द नाहींसे होत आहेत असें दिसतांच राज्यभर ओरड झाली आणि ते परत ठेवावे लागले. मात्र त्याच अंदाजपत्रकानें राज्याच्या साऱ्या विद्यापीठांच्या अनुदानांत दोन वर्षांकरितां २५ कोटि डॉलरची कपात केली, आणि प्राध्यापकांच्या नोकरीच्या कायमपणास कायद्यानें असलेलें संरक्षण काढून घेतलें. शब्द वांचले, त्यांस आधार देणारे खांब मात्र बारीक झाले. निशाण एकदां चढविलें म्हणजे कायमचें फडकतें, अशी समजूत कोणी करून घेऊं नये.

या इतिहासाचा आपल्याशीं थोडा प्रत्यक्ष संबंध आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झालें. परीक्षा घेणें आणि पदव्या देणें हेंच आरंभीं त्याचें काम होतें. जमिनीच्या देणगीवर उभारलेला अमेरिकन नमुना भारतांत आला तो शेतकीच्या द्वारें, १९६० सालीं पंतनगर येथें. त्याच धर्तीवर महाराष्ट्रांत राहुरी येथें १९६८ सालीं, अकोल्यास १९६९ सालीं, आणि परभणी व दापोली येथें १९७२ सालीं कृषि विद्यापीठें निघालीं. त्यांनीं बियाण्यांचें, फळबागांचें व जमिनींचें पुष्कळ काम केलें आहे. परंतु विस्कॉन्सिनमध्यें जी फाळणी टळली ती आपल्याकडे आरंभापासूनच झाली. शेतकी एका विद्यापीठांत, आणि अर्थशास्त्र, इतिहास व कायदा दुसऱ्यांत. कापसाच्या किडीचा अभ्यास करणारा आणि कापूस पिकविणाऱ्याच्या कर्जाचा अभ्यास करणारा, हे दोघे एका आवारांत भेटत नाहींत.

कोणतें विद्यापीठ राज्यांत पहिलें, हें ठरविण्यास आज गुणानुक्रमाचे तक्ते पुष्कळ निघाले आहेत. ते अवश्य पाहावे; त्यांतून ग्रंथसंख्या, निबंधसंख्या, उत्पन्न हीं समजतात. पण ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी उद्यां विद्यापीठांत जाणार आहे, त्या घरानें आणखी दोन प्रश्न विचारावे. दूरच्या तालुक्यांतील माणूस आपली अडचण घेऊन या विद्यापीठाच्या दाराशीं येतो काय? आणि तेथील एखाद्या प्राध्यापकावर सत्ताधारी उलटले, तर त्याच्या पाठीशीं त्याचें मंडळ उभें राहील काय? दोन्ही प्रश्नांस होय असें उत्तर देतां येईल, अशीं विद्यापीठें जगांत थोडीं आहेत. त्यांची संख्या वाढविणें हें केवळ प्राध्यापकांचें काम नव्हे; तें कर भरणाऱ्या आणि मत देणाऱ्या प्रत्येक घराचें काम आहे.